आधी गॅस बंद करा

आमच्या बिल्डिंगमध्ये पहिला टेलिफोन आला तो नानांच्या घरी. ऐंशीच्या दशकात डोंबिवलीत फोनसाठी नाव नोंदवलं की वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. नाना टेलिफोन खात्यातच केबल जॉइंटर होते, म्हणून त्यांना तो लवकर मिळाला. काळा, जड, डायल फिरवायचा. दारालगतच्या स्टुलावर तो असे, आणि ते दार झोपायची वेळ सोडली तर कधी लावलेलं नसे. फोन त्यांचा, पण नंबर सोळाही बिऱ्हाडांचा. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, कॉलेजच्या फॉर्मवर आम्ही सगळे तोच नंबर लिहायचो आणि पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. नाना आमचे कोणी लागत नव्हते. त्यांचे पुतणे त्यांना नाना म्हणत, ते ऐकून आम्ही मुलं म्हणू लागलो, आणि मग आमच्या आईवडिलांनीही तेच उचललं.

फोन आला की नाना गॅलरीत येऊन खणखणीत हाक मारत. "तिसरा मजला, पुण्याचा फोन!" ज्याचा असेल तो ओले हात पुसत, चपला न घालता धावत येई. तो रिसिव्हर उचलेपर्यंत नाना आतल्या खोलीत निघून गेलेले असत. दुसऱ्याचं बोलणं कानावर पडू नये म्हणून. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, स्वयंपाकघरात असतील तर त्या नळ सोडत.

काही फोन मात्र असे असत की नाना हाक मारत नसत. ते सदरा चढवत. एरवी बनियन आणि लेंग्यावर वावरणारे नाना गुंड्या लावत जिना चढताना दिसले की मजल्यामजल्यावरच्या बायका दारात उभ्या राहत आणि ते आपलं दार ओलांडून पुढे जातात का, ते पाहत. ज्या दाराशी ते थांबत, तिथे आत गेल्यावर त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "वहिनी, आधी गॅस बंद करा."

आमच्या घरी हे घडलं तेव्हा मी चौथी-पाचवीत असेन. आई पोळ्या करत होती, तव्यावर एक पोळी फुगलेली होती. आईने नानांकडे पाहिलं, सदऱ्याकडे पाहिलं, आणि गॅसचं बटण फिरवलं. मग नानांनी पाणी मागितलं. आईने भांडं भरून आणलं, तेवढ्यात आतून आजी बाहेर आली. नानांनी ते भांडं हातात घेतलं, आईला खाली बसवलं आणि तेच पाणी तिच्या हातात परत दिलं. मग म्हणाले, "वहिनी, तुमचे वडील गेले. आज पहाटे. तुमच्या भावाचा फोन होता. रात्रीची महालक्ष्मी कल्याणला मिळते, मी तुमच्या यजमानांच्या ऑफिसात फोन लावतो, ते तिथून परस्पर स्टेशनवर येतील." एका दमात, पण सावकाश. 'जरा सीरियस आहे' वगैरे काही नाही. घरातल्या माणसाला तासन्‌तास खोट्या आशेवर प्रवास करायला लावणं नानांना पटत नसे.

गॅसचं कारण मी पुढे केव्हातरी विचारलं होतं. अगदी सुरुवातीला एका घरी दारातूनच बातमी सांगून टाकली होती, एवढंच ते म्हणाले. त्या घरी पुढे काय झालं, ते त्यांनी मला सांगितलं नाही.

बातमी पोचवून माणूस आपल्या घरी परत येऊ शकतो. नाना येत नसत, आणि त्याला डोंबिवलीचं एक कारण होतं. हे गाव सकाळी रिकामं होतं. कमावती माणसं लोकल पकडून मुंबईच्या दिशेला जातात, ती रात्री आठ-नऊच्या पुढे परततात. त्या काळात भरदुपारी कोणी गेलं तर बिल्डिंगमध्ये असायची ती म्हातारी माणसं, बायका आणि शाळेतून आलेली मुलं. सगळी कुटुंबं कोकणातून नाहीतर देशावरून नोकरीसाठी आलेली; भाऊबंद गावाकडे. खांदा द्यायला चार पुरुष मिळवायचे तर फोर्टातल्या ऑफिसात निरोप धाडावा लागे. नानांची ड्यूटी पाळीची. रात्रपाळी करून ते दिवसा घरी असत. झोप टाकून उठत आणि निघत. आधी आमच्या बिल्डिंगमध्ये, मग शेजारच्या, मग त्या संबंध गल्लीत. निवृत्त झाल्यावर तर पार ठाकुर्लीपासून कोपरपर्यंतची माणसं त्यांना बोलवायला येऊ लागली.

आणि त्यांना सगळं ठाऊक असे. घरी मृत्यू झाला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा, मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला लागतो, फॉर्म ४ अ. रात्री दोन वाजता उठून तो द्यायला कोणते डॉक्टर येतील आणि कोणते दार उघडणार नाहीत, हे नानांना माहीत. शववाहिनीला कुठे फोन करायचा, स्मशानात कोणती कागदपत्रं मागतात, महापालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, दाखल्याच्या किती प्रती आधीच काढून ठेवाव्यात म्हणजे बँकेत, पेन्शनला, विम्याला पुन्हा खेटे पडत नाहीत, दाखल्यावर नावाचं स्पेलिंग कुठे तपासायचं. या गोष्टी एरवी कुणाला ठाऊक असायचं कारण नाही, आणि ज्या दिवशी त्या ठाऊक असाव्या लागतात त्या दिवशी कुणाला विचारायचं तेही सुचत नाही.

आमच्या जिन्याचंच पाहा. चार मजले, लिफ्ट नाही, आणि दर अर्ध्या मजल्याला अरुंद वळण. लांब बांबूची तिरडी त्या वळणावर फिरत नाही. हे कळायला एका कुटुंबाला फार वाईट प्रसंगातून जावं लागलं होतं. त्यानंतर नाना आमच्याकडे तिरडी कधीच वर बांधू देत नसत. माणसाला जाड चादरीत, सहा जणांनी, पाय पुढे करून खाली आणायचं. तिरडी तळमजल्यावर पार्किंगच्या जागेत बांधायची. वळणावर स्वतः भिंतीकडच्या बाजूला राहत आणि हलक्या आवाजात सांगत, "डावीकडचे थांबा. उजवीकडचे एक पायरी. आता सगळे." आपल्या माणसाचं डोकं कुठे आपटू नये, एवढी एकच काळजी त्या घटकेला घरच्यांना असते. ती नानांनी ओळखलेली होती.

त्यांच्या धंद्याचा हात या सगळ्यात होता असं मला वाटतं. केबल जॉइंटर म्हणजे रस्त्यावरच्या खड्ड्यात उतरून, वर ताडपत्रीचा तंबू ठोकून, तुटलेल्या केबलमधल्या शेकडो तारांच्या जोड्या पुन्हा एकमेकींना जुळवणारा माणूस. पांढऱ्याबरोबर निळी, पांढऱ्याबरोबर नारिंगी, मग हिरवी, तपकिरी, राखाडी. मग लाल धरायची आणि पुन्हा निळीपासून सुरू. एक जोडी चुकली की एका घरची घंटा दुसऱ्याच घरी वाजते. हे काम नानांनी पावसाळ्यात, कंबरभर चिखलात बसून, बॅटरीच्या उजेडात आयुष्यभर केलं. आपण कनवाळू माणसाचं कौतुक करतो ते त्याच्या डोळ्यांत पाणी येतं म्हणून. नानांच्या डोळ्यांत मी क्वचितच पाणी पाहिलं. त्यांचा चांगुलपणा पद्धतशीर होता, माहितीवर उभा होता, आणि म्हणून ज्याला त्याची गरज लागे त्याला तो खरोखर उपयोगी पडत असे.

रडणाऱ्या माणसाला 'रडू नका' असं ते म्हणाल्याचं मला आठवत नाही. ते त्याला काम देत. "तू रेशनकार्ड शोध. तू कपाटातलं कोरं धोतर काढ. तू कोपऱ्यावर जाऊन उभा राहा, शववाहिनीवाल्याला ही गल्ली सापडत नाही." मुलांनाही सोडत नसत. आजोबा गेले त्या दिवशी मला म्हणाले होते, "बाळ, तू तुझ्या आजीजवळ बस. ती उठायला लागली की आईला सांगायचं. हे तुझं काम." ते काम मी इतकं मन लावून केलं की आजही त्या संध्याकाळचं मला आजीच्या लुगड्याच्या काठाचं टोक आठवतं. दुःखाने माणूस गोठतो तेव्हा त्याच्या हाताला काहीतरी करायला द्यावं, छोटं, त्याला जमेल असं आणि खरोखर गरजेचं. हे नानांना कुणी शिकवलं होतं कुणास ठाऊक.

त्यांची एक लांबट वही होती, खाकी पुठ्ठ्याची. तीत एका भागात डॉक्टर, एका भागात गाड्या, आणि सगळ्यात मोठ्या भागात रक्तदाते. नाव, नंबर, रक्तगट, शेवटचं रक्तदान कधी. तीन महिने झाले नसतील तर त्या माणसाला ते फोनच करत नसत. तीत एका पानावर एकट्याने बसलेलं एक नाव होतं, समोर लिहिलेलं 'बॉम्बे'. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला तो दुर्मीळ गट. सुमारे दहा हजारांत एखाद्याचा असतो, आणि अशा माणसाला त्याच गटाचं रक्त चालतं, दुसरं कोणतंही नाही. त्या गृहस्थांना नाना दर दिवाळीला फोन करत. "बरे आहात ना?" एवढंच विचारायला.

२६ जुलै २००५ ची रात्र डोंबिवलीत कुणी विसरलं नसेल. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, लोकल जिथल्या तिथे थांबल्या, मोबाइल लागेनासे झाले, आणि आमची वीज दुपारीच गेली होती. नानांचा फोन मात्र चालू होता. लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांकडून मिळते, घरच्या मीटरशी तिचा संबंध नसतो. हे त्यांनी मेणबत्तीच्या उजेडात आम्हाला नीट समजावून सांगितलं, कारण ते समजावण्यात आमचा थोडा वेळ जात होता. जिन्याखाली सोसायटीचा फळा होता. नानांनी त्यावर सोळा खोल्यांचे आकडे लिहिले आणि जसजसा कुणाचा निरोप येई तसतसं त्यापुढे खडूने लिहीत गेले: ठाण्याला शाळेत, सुखरूप. कुर्ल्याहून चालत निघाले. विक्रोळीला मावशीकडे. ज्यांच्यापुढे जागा रिकामी होती त्या घरच्या बायका फळ्यासमोरच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या. काकूंनी त्यांना तांदूळ निवडायला दिले. रात्रभर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या जागा भरल्या.

नेत्रदानाचं काम त्याआधीच, नव्वदच्या दशकात सुरू झालं होतं. गणेशोत्सवात मंडळाने एका नेत्रतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं होतं, तिथे नानांनी पहिल्या यशस्वी नेत्ररोपणाची हकिगत ऐकली आणि ते झपाटल्यासारखे झाले. ७ डिसेंबर १९०५ ला, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या ओलोमोउत्स गावी, डॉ. एदुआर्द झिर्म यांनी चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला अकरा वर्षांच्या मुलाचं पारपटल बसवलं. त्या मुलाचा डोळा इजेमुळे काढावाच लागला होता. मजुराची एका डोळ्याची दृष्टी परत आली. नाना ही गोष्ट इतक्यांदा सांगत की ती आम्हाला पाठ झाली, तरी 'मजूर' या शब्दाशी ते दर वेळी थांबत. पारपटल म्हणजे बुबुळावरची घड्याळाच्या काचेसारखी पारदर्शक चकती. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, तिला प्राणवायू हवेतून मिळतो, म्हणून रक्तगट जुळवावा लागत नाही. चष्मा असला, मोतीबिंदू काढलेला असला, मधुमेह असला तरी डोळे देता येतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घ्यायची, आणि पंखा बंद करायचा, कारण वाऱ्याने पारपटल सुकतं.

माझे वडील १९९८ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा नानांनी पंखा बंद केला. खोलीत वीस माणसं, डोंबिवलीतला मे. कुणीतरी न राहवून पुन्हा बटण दाबलं. नानांनी काही न बोलता उठून बंद केलं आणि माझ्या हातात वर्तमानपत्राची घडी दिली. "आईला वारा घाल. बाबांच्या बाजूला जाऊ देऊ नकोस." आत्या मात्र पेटून उठली. डोळे काढलेला माणूस पुढच्या जन्मी आंधळा येतो, असं तिचं म्हणणं होतं, आणि ती ते भावाच्या उशाशी बसून रडत म्हणत होती. शहाणी माणसं तिला समजावू लागली, शिबी राजापासून दधीची ऋषींपर्यंत दाखले निघाले. नानांनी सगळ्यांना बाहेर काढलं. तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही धाकट्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. तुमच्या मनाविरुद्ध मी फोन करणार नाही. अजून चार तास आहेत. तुम्ही बसा त्याच्याजवळ." आणि खरंच त्यांनी फोन केला नाही. दीड-दोन तास गेले. मग आत्याच बाहेर आली आणि आईला म्हणाली, "तुला हवं ते कर, मी आत येणार नाही."

नेत्रपेढीची दोन माणसं आली. एक पेटी, हातमोजे, दार लावून वीस-पंचवीस मिनिटं. तपासणीसाठी थोडं रक्त घेतलं. दार उघडलं तेव्हा बाबांचा चेहरा होता तसाच होता. आत्याने तो लांबून, दाराच्या चौकटीला धरून पाहिला. ते डोळे कुणाला मिळाले हे सांगत नाहीत, आणि तसंच असायला हवं.

आत्याचं मत पुढेही बदललं नाही. ती गेली तेव्हा नानांनी डोळ्यांचा विषय काढला नाही. तिच्या तोंडात तुळशीचं पान, गंगाजल, अंगावर तिला हवं होतं ते हिरवं लुगडं, सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे करवून घेतलं. नेत्रदानाचं काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने नंतर त्यांना विचारलं, तुम्ही प्रयत्न तरी करायचा होता. नाना म्हणाले, "ती नाही म्हणून गेली होती." मला वाटतं, नानांना लोक होकार देत त्याचं कारण हेच होतं. त्यांच्यापुढे नकार सुरक्षित असे.

करोनाच्या काळात ते ऐंशीच्या घरात होते. काकूंनी त्यांच्या चपला लपवून ठेवल्या होत्या. टाळेबंदीत नेत्रसंकलन थांबलं, स्मशानात माणसं जायची बंद झाली, आणि नाना दिवसभर फोनवर असत. खाट कुठे आहे, ऑक्सिजन कुठे आहे. आणि जिथे ते सगळं संपून गेलं होतं तिथे, बंद दारामागे एकट्या बसलेल्या माणसाशी नुसतं बोलत राहत. "आता काय करताय? चहा घेतला का? नाही ना? मग उठा, पाणी ठेवा. मी फोन धरतो."

गेल्या श्रावणात, दुपारचं जेवून आडवे झाले ते नाना उठले नाहीत. काकूंनी चहासाठी हाक मारली आणि त्यांना कळलं. घरात दोघंच. काकूंनी पंखा बंद केला. उशी सारली, कापूस भिजवून पापण्यांवर ठेवला. डॉक्टरांना फोन केला, मग नेत्रपेढीला, मग नाशिकला लेकीला, आणि त्यानंतर पदर नीट करून समोर आमच्या दारात आल्या. मी दूध तापवत होते. "आधी गॅस बंद कर ग," त्या म्हणाल्या. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही.

नानांनी देहदानाचा फॉर्मही भरून ठेवला होता, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून. पण फॉर्म हा फक्त इच्छेचा कागद असतो. हो म्हणायचं ते मागे राहिलेल्या जवळच्या माणसांनी. त्यांनी हरकत घेतली तर महाविद्यालय देह नेत नाही. लेक संध्याकाळी पोचली. डोळे तोवर दिले गेले होते आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. देहाचं ऐकल्यावर मात्र ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आई, सगळ्या गावाला त्यांनी अग्नी दिला. मला एकुलतीला त्यांच्यासाठी काहीच करू द्यायचं नाही का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. देहदान फार मोठी गोष्ट आहे. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना माणसाचं शरीर पुस्तकातून कळत नाही. अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुलं त्या देहाला हात लावण्याआधी आदराची शपथ घेतात, इतका तो देह त्यांना गुरुस्थानी असतो. नानांनी हे सगळं विचार करून ठरवलं होतं. पण माणूस गेल्यावर बांबू आणणं, सुतळी वळणं, मडकं धरणं, प्रदक्षिणा, पाणी, अस्थी, दहावा, हे सारं जे आपण करतो ते मागे राहिलेल्यांच्या हातांसाठीही असतं, आणि हे आम्हाला नानांनीच तर शिकवलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखाला काम पुरवणाऱ्या माणसाने आपल्या लेकीसाठी काही शिल्लक ठेवलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी न होता राग आला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "तू नाही म्हणालीस तर नाही. तुझ्या बाबांनी कुणाला बळजबरी केलेली नाही. मी कॉलेजला तसं कळवते." आणि त्या खरंच फोनपाशी जाऊन बसल्या.

लेक आत गेली. मी तिला तांब्यात कोमट पाणी आणि पंचा नेऊन दिला. तिने त्यांचे हात धुतले. एकेक बोट, नखं, मनगट. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जुना भाजल्याचा डाग होता, वितळलेल्या शिशाचा. पूर्वी केबलचा जोड शिशाच्या नळीत बंद करत, तेव्हाचा. तिथे ती बराच वेळ थांबली. मग तिने त्यांची दाढी केली. सदरा घातला, गुंड्या लावल्या. बाहेर आली आणि म्हणाली, "कुठे सही करायची?"

तोपर्यंत खाली माणसं मावेनात. ज्यांच्या घरी नाना कधी ना कधी जिना चढून गेले होते ती सगळी. कुणी सुतळी घेऊन आलं होतं, कुणी कोयता, कुणी हार. पन्नाशीचे पुरुष रिकाम्या हातांनी पार्किंगमध्ये नुसते उभे होते. कळव्याहून कॉलेजची गाडी यायला दोन तास होते. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, जे वीस वर्षं नानांबरोबर वळणावर उभे राहत, ते अखेर पुढे झाले आणि त्यांनी सहा जणांची नावं घेतली. चादरीतून, पाय पुढे करून. "डावीकडचे थांबा. उजवीकडचे एक पायरी. आता सगळे." तेवढंच काम होतं, जिन्यापुरतं. फार सावकाश केलं त्यांनी.

पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा झाली. जिन्याखाली नानांचा मोठा फोटो लावावा असा ठराव आला. मी विरोध केला नाही, फोटो लागला आहे, हारही बदलला जातो. पण मला त्यापेक्षा ती वही हवी होती, आणि काकूंनी ती दिली. तिसऱ्या मजल्यावरची नर्सिंग शिकणारी मुलगी आणि मी मिळून तीतले नंबर तपासत आहोत. निम्मे मेले आहेत. कितीतरी जुने लँडलाइनचे, कितीतरी माणसांसकट गेलेले. जे लागतात ते नानांचं नाव ऐकून लगेच विचारतात, "कसे आहेत?" त्यावर आम्ही आधी विचारतो, गाडी चालवत नाही ना, जवळ कोणी आहे का. मग सांगतो. बरीच माणसं आपणहून बोलत राहतात. आम्ही ऐकून घेतो, घाई करत नाही.

परवा अंबरनाथच्या एका बाईंना फोन लागला. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "डोळे दिले ना त्यांचे?" मी हो म्हटलं. "मग लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "माझा नंबर बदललाय, हा नवा. रक्तगट बी निगेटिव्ह, तो तसाच. आणि खाली एक ओळ सोडा, माझ्या मुलाचंही नाव घाला. त्याला आत्ताच अठरा पूर्ण झाली."